टेकडी मागायला आले, म्हणून लॉज पाहून आलो
(ग्रामसभेपुढे झालेले भाषण)



आम्ही चौघं, दोन बाया अन् दोन माणसं, परवा रात्री लॉजवर राहून आलो. काहून गेलो ते आधी सांगतो, कारण गावात कुजबुज चालू आहे. लॉजवाल्यांना आपल्या टेकडीवर तंबूच्या खोल्या टाकायच्या आहेत. त्यासाठी ग्रामसभेची ना-हरकत पाहिजे. मॅनेजर म्हणाले, "एकदा राहून पाहा, मग बोला." मागच्या बैठकीत आपण सर्वांनीच ठरवलं, जाऊन या.

खोटं कशाला बोलायचं, जेवण चांगलं होतं. गादी इतकी मऊ की झोप येईना. आमच्यातला एक जण शेवटी खालीच झोपला. खोलीची एक भिंत पुरी काचेची. पडदा ओढला की समोर इरईचं पाणी, त्याच्यामागं ताडोब्याचं रान. पहाटे पाण्यावर धुकं होतं. आपलं रान एवढं सुंदर आहे, पण असं बसून आम्ही ते जन्मात पाहिलं नव्हतं. बसायला वेळ कुठं? मोहाच्या दिवसांत त्याच वेळेला आपण टोपली घेऊन झाडाखाली असतो. वाकून वेचणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते, म्हणून चौघीचौघी जातो, हाका मारत. तिथल्या पाहुण्यांना मात्र आदल्या दिवशी वाघ दिसला नाही म्हणून वाईट वाटत होतं.

बाजूच्या खोलीतल्या बाई चांगल्या होत्या. आम्हाला चहा दिला अन् विचारलं, "तो धूर कशाचा?" आपल्याच गावच्या चुली होत्या त्या. इकडं कोणी राहत असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. खोलीत ठेवलेल्या पत्रकात तारूची गोष्ट छापली आहे. वाघाशी झुंजून मेलेला गोंड गावप्रमुख, त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव पडलं असं सांगतात. त्याच पत्रकाच्या नकाशात आपलं गाव नाही.

आपली काही पोरं तिथं कामाला आहेत. त्यांची रोजी बुडावी असं आम्ही म्हणत नाही. पण ना-हरकतीचा कागद आम्ही दोनदा वाचून घेतला. नोकरीचा त्यात शब्द नाही, ते सारं तोंडी आहे. मुदत लिहिलेली नाही. पाण्याचं काहीच नाही. मे महिन्यात आपला हातपंप नुसती हवा सोडतो, अन् तिथं पोहायचा हौद काठोकाठ असतो. बोअर किती खोल आहे विचारलं तर मॅनेजर हसले.

आता कायद्याचं ऐका. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी अशा 13 सुविधांसाठी वनजमीन देता येते. त्या सरकारनं चालवायच्या, जागा दर वेळी एका हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. या यादीत लॉज नाही. मग आपली सही कशाला मागतात? आम्हाला असं वाटतं की टेकडी आपल्या सामूहिक हक्काच्या दाव्यात आहे, म्हणून. उद्या दाव्याची सुनावणी झाली की हाच कागद पुढं ठेवतील, "पाहा, यांनीच टेकडी सोडली."

दुसरं, 2012 साली केंद्रानं व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनाचे नियम काढले. कोअरमध्ये पर्यटनाला जास्तीत जास्त 20 टक्के क्षेत्र, नवीन पर्यटक-निवास नाहीत. चांगलंच आहे. पण मग खोल्या कुठं बांधायच्या? बफरमध्ये, म्हणजे आपल्या दारात. लॉजवरून जे दिसतं त्याहून जास्त टेकडीवरून दिसेल, एवढाच त्यांचा हिशेब.

रविवारी सकाळी ठराव घ्यायचा आहे. गणपूर्तीला निम्मे सभासद लागतात, अन् हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी बाया पाहिजेत. म्हणून बायांनी स्वयंपाक आदल्या रात्री उरकून यावं, नाहीतर माणसांनी रांधावं. टेकडीवर कोणाचे मोह, गुरं कोणत्या वाटेनं चढतात, देवाची जागा कुठं, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना खाटेवर घालून का होईना आणा. शाळेच्या अंगणात चुन्यानं नकाशा काढू. चुना आम्ही आणतो.