अवतार आणि पार



पोरगं धुळीनं माखून घरात आलं की आई म्हणते, "काय हा अवतार!" देवाच्या दहा अवतारांपासून या विसकटलेल्या केसांपर्यंत मराठीने या शब्दाला बरेच हिंडवले आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत तो आणखी एका ठिकाणी जाऊन बसला. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील लुकासफिल्म या कंपनीने 'हॅबिटॅट' नावाचा एक संगणकीय खेळ चाचणीसाठी लोकांपुढे ठेवला. टेलिफोनच्या तारेवरून अनेक जण एकाच चित्रातल्या गावात येत. तिथे आपल्या वतीने हिंडणाऱ्या आकृतीला त्यांनी नाव दिले, अवतार.

आता हे गाव नुसते पडद्यावर राहिलेले नाही. हेडसेट नावाचे एक यंत्र चष्म्यासारखे डोळ्यांवर चढवायचे. मान वळवली की देखावा वळतो, हात उचलला की तिथला आपला हात उठतो. परतूरचा माणूस आणि जपानचा माणूस एकाच ओसरीवर समोरासमोर बसून बोलू शकतात. याला सामाजिक आभासी वास्तव म्हणतात. हा पैसेवाल्यांचा चाळा, आपल्याला काय त्याचं, असे आपण म्हणाल. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे खरेच आहे. आणि हे यंत्र विकत घ्या असे सांगायला मी आलेलो नाही. पण रेडिओसुद्धा एके काळी गावात एखाद्याच घरी असे.

एक उदाहरण आपल्याच राज्यातले. २३ ऑगस्ट २०२० रोजी मुंबईच्या आयआयटीचा ५८ वा पदवीदान समारंभ झाला. दिवस करोनाचे, सभागृहात जमणे अशक्य. तेव्हा संगणकातच सभागृह उभे केले, पदवीधरांचे अवतार घडवले, आणि संचालकांच्या अवताराने त्यांच्या हाती पदवी दिली. प्रमुख पाहुणे भौतिकशास्त्रातले नोबेल मिळालेले डंकन हाल्डेन. त्यांचाही अवतारच हजर. घरोघरी लोकांनी हा सोहळा पडद्यावर पाहिला. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की पदवीधराने कोणता वेष घालावा, पाहुण्यापासून किती अंतरावर उभे राहावे, हे सारे आधी कुणीतरी बसून ठरवले होते. या जगात आपोआप काहीच नसते. झाडाची सावलीसुद्धा कुणीतरी पाडलेली असते.

म्हणून प्रश्न असा, की हे ठरवणारा कोण?

आता शरीराची गंमत पाहा. साध्या यंत्राला आपल्या देहातल्या तीनच जागा नक्की कळतात, डोके आणि दोन हात. बाकीचे शरीर संगणकाने अंदाजाने बसवायचे. पाय कुठे आहेत हे ओळखणे फार अवघड. म्हणून मेटा या कंपनीने २०२१ मध्ये 'होरायझन वर्ल्ड्स' सुरू केले तेव्हा तिथली माणसे कमरेपर्यंतच होती. पाय मिळायला २०२३ साल उजाडले. चेहरे तर मुद्दाम साधे, बाहुलीसारखे ठेवतात. चेहरा जवळजवळ माणसासारखा झाला पण पुरता झाला नाही, तर पाहणाऱ्याला शिसारी येते, असे मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने १९७० मध्येच लिहून ठेवले होते.

कपड्यांची अडचण त्याहून मोठी आहे. अवताराच्या आत एक सांगाडा असतो आणि अंगावरचा कपडा त्या सांगाड्याला बांधलेला असतो. शिवलेला, अंगाबरोबर बसणारा कपडा त्यावर सहज चालतो. पण नऊवारीच्या निऱ्या, कासोटा, खांद्यावरून सुटलेला पदर, धोतराचा सोगा? बसताना, वळताना हे कापड वेगळे हलते. त्याचे गणित भारी पडते, आणि नीट केले नाही तर पदर दंडातून आरपार जातो. परिणाम काय, तर तयार कपड्यांच्या पेटीत शर्ट-पँट हवी तितकी आणि आपल्या आजीला नेसायला काही नाही. यात कुणाचा कट आहे असे मी म्हणत नाही. सोपे ते आधी होते, इतकेच. पण पदराला त्या सांगाड्यात स्वतंत्र जोडहाडे दिली, तर तो बराचसा खरा हलतो. ते काम नऊवारी नेसलेली बाई रोज पाहणारा माणूसच मन लावून करील.

वेषाने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडतेही आणि घडतेही. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी प्रयोगांतून दाखवले, की ज्यांना उंच अवतार मिळाला ती माणसे पैशाच्या वाटणीत जास्त हेका धरतात आणि ज्यांना देखणा अवतार मिळाला ती समोरच्याच्या अधिक जवळ जाऊन उभी राहतात. खोटे अंग, पण वागणे खरे. सोंग अंगात भिनते, हे आपल्या बहुरूप्याला कुणी सांगायला नको.

अंतराची गोष्ट तर फार बोलकी आहे. होरायझन वर्ल्ड्समध्ये परक्या अवतारांनी अंगचटीला येऊन छळल्याच्या तक्रारी स्त्रियांनी केल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने दोन अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचे अदृश्य कुंपण घातले. बाजारात, एस.टी.त आपल्या लेकीबाळींना जे भोगावे लागते तेच तिथेही आले. फरक एवढाच, की तिथे कुंपण एका दिवसात घालता आले. ते पहिल्याच दिवशी का नव्हते, असे मात्र विचारावेसे वाटते.

शरीरासारखीच जागेचीही घडण असते. आपल्या वडा-पिंपळाचा पार घ्या. कठडा गुडघ्याएवढा, त्यामुळे कुणीही टेकतो. भोवती गोल बसल्याने तोंडे दिसतात, जाणारा-येणारा दोन शब्द टाकून जातो. संगणकातल्या बैठकीला याहून चांगला नमुना मला तरी सुचत नाही. तिथेही आवाज अंतराप्रमाणे कमी-जास्त करता येतो, म्हणजे कानगोष्ट कानगोष्टच राहते.

पण थांबा. पार सगळ्यांचा होता का? कितीएक गावांत बायकांनी पारावर बसायचे नाही, हा न लिहिलेला नियम अजून चालू आहे. पाण्याचे तर विचारूच नका. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. उद्या कुणी हौसेने आभासी जगात 'अस्सल मराठी खेडे' बांधील. विहीर, देऊळ, चावडी सगळे हुबेहूब. त्यात गावकुसाबाहेरची वस्तीही हुबेहूब बांधायची का? पारावर बसायला मुलीने पुरुषाचा अवतार घ्यायचा का? कागद कोरा आहे तोवरच हे विचारायचे असते.

गुरुजन हो, यासाठी शाळेत यंत्र हवे असे नाही. ब्लेंडर नावाची त्रिमित आकार घडवण्याची प्रणाली विनामूल्य मिळते. संगणक असेल तर ती वापरा, नसेल तर मोजपट्टी आणि वही पुरे. मुलांना पाराची उंची, घेर, सावलीची जागा मोजून आणू द्या. मग त्यांना गावाचा एक नकाशा काढायला सांगा. आपण कुठे कुठे विनासंकोच थांबतो, कुठून भराभर निघून जातो, कुठे जातच नाही, हे त्यात तीन रंगांनी दाखवू द्या. मुलांचे नकाशे आणि मुलींचे नकाशे भिंतीवर शेजारी शेजारी लावा, आणि नवे गाव रचायला त्यांना त्यानंतर बसवा.