अदिस अबाबाच्या डॉक्टर बाई

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



‘मला भावलेली व्यक्ती’ हा व्याख्यानमालेचा विषय ठरला तेव्हा शिवाजी महाराज, बाबासाहेब, जे. आर. डी. ही नावं माझ्याआधीच घेतली गेली होती. मी डॉ. कॅथरिन हॅमलिन हे नाव दिलं. कमिटीतल्या एकाने विचारलं, “या कसल्या डॉक्टर?” म्हटलं, ज्या बायकांची लघवी सतत गळत राहते त्यांचं ऑपरेशन करणाऱ्या. क्षणभर कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “काका, सुना असतात, लहान मुलं असतात, दुसरं काही घेता का?” मी दुसरं घेतलं नाही. अध्यक्षांनी संमती दिली, त्यांचे आभार.

बाई ‘अडली’ म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना समजावून सांगावं लागत नसे. कळा येतात पण बाळ पुढे सरकत नाही. शहरात अशा वेळी सिझेरियन होतं. दवाखाना दोन दिवसांच्या पायवाटेवर असेल तर ती बाई तीन-तीन, चार-चार दिवस कळा देत राहते. बाळाचं डोकं मूत्राशयाला आतून पुढच्या हाडावर दाबून धरतं. त्या जागेला रक्त मिळत नाही, तेवढा भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. राहतं ते भोक. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. बाळ बहुधा मेलेलंच जन्मतं. आणि त्यानंतर लघवी थांबतच नाही, दिवसा नाही की रात्री नाही. पायाच्या नसा दबल्याने काहींचं पाऊल लुळं पडतं. वास येतो म्हणून नवरा माहेरी पाठवतो, माहेरचे वेगळ्या झोपडीत ठेवतात. लघवी कमी व्हावी म्हणून या मुली पाणी पिणं सोडतात, त्याने ती आणखी जहाल होते आणि कातडी सोलवटते. मुली म्हणतोय, कारण पुष्कळशा पंधरा-सोळा वर्षांच्या असत.

कॅथरिन बाई १९२४ साली सिडनीत जन्मल्या, १९४६ मध्ये तिथेच डॉक्टर झाल्या. यजमान डॉ. रेजिनाल्ड हॅमलिन न्यूझीलंडचे, तेही स्त्रीरोगतज्ज्ञ. इथिओपियाच्या राजधानीत सुईणींची शाळा काढण्यासाठी डॉक्टर हवेत, अशी जाहिरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आली. दोघांनी अर्ज केला आणि १९५९ मध्ये लहान मुलाला घेऊन अदिस अबाबाला पोहोचले. करार तीन वर्षांचा. बँकेत असताना आम्ही तीन वर्षांच्या बदलीला किती कुरकुर करायचो! बाई तिथे शेवटपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक राहिल्या.

यातली मोठी गंमत अशी, की दोघांनीही ऑस्ट्रेलियात हा आजार कधी पाहिलाच नव्हता. कैरोचे प्रोफेसर नगीब महफूझ यांनी या शस्त्रक्रियेवर खूप काम केलं होतं. त्यांचं लिखाण आणि चित्रं अभ्यासून हे दोघे शिकले. (नोबेल मिळालेले कादंबरीकार नगीब महफूझ वेगळे. पण त्यांचं बाळंतपण याच डॉक्टरांनी केलं, म्हणून बाळाला त्यांचं नाव दिलं!)

शस्त्रक्रिया ऐकायला सोपी वाटते, भोक शिवायचं. पण आजूबाजूचा भाग व्रणाने कडक झालेला, जागा अरुंद, हात जेमतेम पोहोचतो. मूत्राशयाची भिंत आधी सगळीकडून मोकळी करायची, कारण ताण देऊन घातलेला टाका टिकत नाही. मग ती वेगळी शिवायची, मूत्राशयात निळा रंग भरून कुठे झिरपतं का ते बघायचं, गरज पडल्यास शेजारची चरबी मधे अस्तरासारखी लावायची. पुढे साधारण दोन आठवडे नळी. ती नळी एकदा तुंबली की सगळी मेहनत वाया, म्हणून नर्सचं काम सर्जनइतकंच महत्त्वाचं. आणि जी पोर पाणी प्यायला घाबरायची, तिला तांब्यावर तांब्या पाणी पाजायचं.

१९७४ मध्ये सम्राट हैले सेलासींना पदच्युत करून लष्कर सत्तेवर आलं. हॅमलिन दांपत्याचं स्वतंत्र फिस्टुला रुग्णालय उभं राहिलं ते त्याच सुमारास. पुष्कळ परदेशी निघून गेले, हे दोघे राहिले. उपचाराला पैसे घेत नसत. घरी जाताना प्रत्येकीला नवा पोशाख देत. १९९३ मध्ये रेजिनाल्ड गेले. बाई तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या, म्हणजे इथल्या निम्म्या मंडळींच्या वयाच्या. आपण त्या वयात ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोजतो. बाई पुढेही ऑपरेशनं करत राहिल्या, अगदी नव्वदीपर्यंत. १८ मार्च २०२० रोजी, ९६ व्या वर्षी, अदिस अबाबातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या संस्थेत साठ हजारांवर स्त्रियांवर उपचार झाले.

वर्तमानपत्रं अशा बाईंना लगेच संत करून टाकतात. मला ते फारसं पटत नाही. त्याने त्यांचं हाताचं कौशल्य झाकलं जातं. शिवाय त्यांच्याहून मला थक्क करते ती ममितू गाशे. तीही अशीच अडलेली, बाळ गमावलेली, साठच्या दशकात हॅमलिनांकडे आलेली खेड्यातली मुलगी. शाळेची पायरी चढलेली नव्हती. अनेक ऑपरेशनं होऊनही ती पूर्ण बरी झाली नाही. मग तिथेच राहिली. आधी अंथरुणं घालायची, मग ऑपरेशनच्या वेळी हत्यारं द्यायची, मग एक टाका, मग दुसरा. होता होता ती स्वतः फिस्टुला शिवू लागली आणि बाहेरून आलेल्या पदवीधर सर्जनांना शिकवू लागली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने १९८९ मध्ये हॅमलिन दांपत्याबरोबर तिलाही सुवर्णपदक दिलं. आपल्याकडे तिला शिपायाच्या वर बढती मिळाली असती का?

आज रौप्यमहोत्सव आहे म्हणून चांदीची एक गोष्ट सांगतो, पण ती चांगली नाही. हे ऑपरेशन प्रथम यशस्वी करण्याचं श्रेय अमेरिकेतल्या डॉ. मेरियन सिम्स यांना देतात, साल १८४९. त्यांनी चांदीच्या तारेचे टाके वापरले. पण प्रयोग केले ते गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. एकट्या अनार्कावर तीसएक ऑपरेशनं. ल्यूसी आणि बेट्सी ही आणखी दोन नावं माहीत आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. त्याने न्यूयॉर्कमध्ये काढलेलं बायकांचं रुग्णालय जिथे होतं तिथे आज वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल आहे. तिथे फिस्टुला उरला नाही, कारण अडलेल्या बाईला वेळेवर मदत मिळू लागली. हे बाईंनाही कळत होतं. ज्या सुईणींच्या शाळेसाठी त्या गेल्या, ती थोड्याच मुली शिकवून बंद पडली होती. २००७ मध्ये त्यांनी स्वतःचं सुईणींचं कॉलेज काढलं. तिथे खेड्यातल्या मुली शिकतात आणि आपापल्या भागात परत जाऊन काम करतात.

आता आपल्याकडे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत नाव कमावलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा गर्भपिशवीच्या तोंडाला घालायचा टाका जगभर ‘शिरोडकर स्टिच’ म्हणून ओळखतात. खाली उतरलेली पिशवी पट्टीने आतून टांगून धरायचं ऑपरेशनही त्यांनी काढलं. म्हणजे ज्ञान आपल्या दारात आहे.

आपल्या इमारतीत फिस्टुला नसेल. पण खोकलं-शिंकलं की थेंब जाणं, अंग बाहेर येणं हे आहे, आणि त्याबद्दल मौन तेच आहे. माझी पत्नी समोर बसली आहे, तिच्या परवानगीने सांगतो. सात वर्षं ती आपल्या सहलीला आली नाही. गुडघे दुखतात, असं सांगायची. दोन डॉक्टर म्हणाले, वय झालं, होणारच. तिसऱ्या बाईंनी नीट तपासलं, कटीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, आत बसवायची सिलिकॉनची रिंग दिली. ऑपरेशन लागलं नाही. गेल्या डिसेंबरात ती गणपतीपुळ्याला आली होती, तुम्ही पाहिलीत.

पुढच्या सहलीची बस दर दीड तासाला, स्वच्छतागृह बघून थांबेल, हे सेक्रेटरींनी मान्य केलं आहे. मिनिट्समध्ये नोंद आहे.

आपल्या सी विंगमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाई इथे आल्या आहेत. दाराजवळ डबा ठेवला आहे, त्यात नाव न लिहिता चिठ्ठी टाका, त्या उत्तरं देतील. पुरुषांनीही बसून ऐकायला हरकत नाही. चहा त्यानंतर आहे.