वर्दी उतरवल्यानंतर

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं एक गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. आपल्या सातारा-सांगलीकडे फौज ही काही पेपरात वाचायची गोष्ट नव्हे. भिंतीवर वर्दीतला फोटो नाही अशी घरं शोधावी लागतील. पेन्शनीवर आलेला सुभेदार गावात दोन वर्षं राहिला की बांधाच्या भांडणात लोक त्यालाच बोलावतात. हा माणूस कुणाची बाजू घेणार नाही, असा त्यांचा भरवसा असतो.

मी शब्दांत रमणारा माणूस. हवालदार हा शब्द घ्या. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केलेलं आहे तो. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला की त्याचं माहेर कुणी विचारत नाही. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार असे, सरनोबत असे आणि हिशेबाला सबनीस असे. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे. त्या काळी तलवारीचं काम आणि कारभाराचं काम यांच्यात आजच्याएवढी उंच भिंत नव्हती. पुढे ती उभी राहिली, आणि ते बरंच झालं. पण कधीकधी एखादा माणूस ती भिंत रीतसर दरवाजातून ओलांडतो. अशाच एका माणसाविषयी आज बोलायचं आहे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजेच शंकरराव थोरात.

थोरातांचा जन्म १९०६ सालचा, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचा. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातून ते १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आराकान भागात कांगावची लढाई झाली. तिथल्या ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. जानेवारी १९४५ च्या अखेरीस थोरातांच्या पंजाब पलटणीनं 'मेलरोझ' नावाची टेकडी जिंकली. तिघांनाही डी.एस.ओ. हा मानाचा किताब मिळाला.

आता त्याच महिन्यात आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्याय करत होतं. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून तुरुंगात जाऊन आलेले. एक मराठी माणूस इंग्रजांच्या फौजेत लढतो, दुसरा इंग्रजांचं राज्य उलथायला निघतो. आपल्याकडे तर एकाच घरातून एक भाऊ पलटणीत आणि दुसरा चळवळीत, असंही होतं. स्वातंत्र्य आल्यावर या दोघांनी एकमेकांकडे कसं पाहायचं? या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशानं फार समंजसपणे दिलं. जुनं उकरून काढलं नाही, दोघांनाही कामाला लावलं.

१९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं. मायदेशी परतायला तयार नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण करायची होती. हे काम भारतीय दलाकडे आलं आणि मेजर जनरल थोरात त्या दलाचे प्रमुख झाले. म्हणजे, पाहा, पुन्हा हवालदारीच. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला आपल्या गोटात अडकवून ठेवलं. थोरात मोजक्या सोबत्यांसह त्या कुंपणात गेले, कैद्यांशी बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. आज त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात. बंदूक हाताशी असताना ती न वापरण्याला मिळालेलं हे शौर्यपदक मला फार मोलाचं वाटतं.

पुढे ते पूर्व विभागाचे सरसेनापती झाले. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा एक आराखडा सादर केला. सीमेवर टीचभर चौक्या विखरून शत्रू अडणार नाही. जिथे आपली रसद पोचते आणि त्याची ताणली जाते, तिथे पाय रोवून लढा, असा त्याचा मथितार्थ. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा लष्करी सराव घेऊन त्यांनी हल्ला झाल्यास काय घडेल ते मांडून दाखवलं. सरसेनापती थिमय्यांना ते पटलं, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटलं नाही. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. थिमय्यांनी आपल्यानंतर त्यांचं नाव सुचवलं होतं, पण सर्वोच्च पद दुसऱ्याकडे गेलं. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला आणि कागदावरलं भाकीत डोंगरावर खरं होऊ लागलं. त्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. तो आराखडा आपल्यापर्यंत आलाच नाही, असं नेहरू म्हणाल्याचं थोरातांनी लिहून ठेवलं आहे.

मेनन यांच्याविषयीही न्यायानं बोललं पाहिजे. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ ला आपल्या साताऱ्यात सुरू झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीतल्या योजनेतून. माणसाचा हिशेब एकाच वहीत मांडू नये.

ज्याचं ऐकलं गेलं नाही, आणि ज्याचं न ऐकण्याची किंमत देशानं मोजली, त्या माणसानं पुढे काय करावं? कडवट व्हायला त्याला भरपूर कारण होतं. थोरातांनी नव्यानं नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर काम केलं, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. संरक्षणमंत्रिपद तोवर यशवंतरावांकडे आलं होतं. तुरुंगात गेलेला दिल्लीत फौजेचा कारभार पाहतो आणि फौजेतला सेनानी इकडे मुलकी नोकरांच्या निवडीवर देखरेख करतो, असा तो काळ.

या खुर्चीची घडण समजून घेण्यासारखी आहे. राज्याच्या सेवांसाठी परीक्षा घ्यायच्या, उमेदवार पारखायचे आणि शासनाला शिफारस करायची, हे आयोगाचं काम. अध्यक्षाला नेमतात राज्यपाल, पण गैरवर्तणुकीचा ठपका ठेवून काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाची चौकशी आणि राष्ट्रपतींचा हुकूम लागतो. त्या काळी साठाव्या वर्षी अध्यक्षाला निवृत्त व्हावं लागे, आणि नंतरही दुसऱ्या लोकसेवा आयोगाखेरीज कुठलंच सरकारी पद घेता येत नाही. म्हणजे पुढच्या बक्षिसाची आशा नाही, मंत्र्याच्या नाराजीचं भय नाही. घटनाकारांनी ही सोय कशासाठी केली असेल? नको असलेलं खरं बोलणारी माणसं सरकारात यावीत, तर त्यांना निवडणारा आधी निर्भय असला पाहिजे. खऱ्या बोलण्याची किंमत थोरातांइतकी कुणाला ठाऊक होती!

आज सातारा, सांगली, कराड, इस्लामपूर, कुठेही जा. अभ्यासिकांत पहाटेपासून मुलं-मुली बसलेली दिसतात. कुणाचा बाप ऊसतोडीला, कुणाची आई शिवणकाम करणारी. आमच्या मोहल्ल्यातलीही पोरं त्यांत आहेत. मार्च २०२१ मध्ये आयोगाची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. एका तारखेसाठी एवढा संताप का, असं काहींना वाटलं. पण ज्याच्यामागे वशिला नाही, जमीन नाही, मोठं आडनाव नाही, त्याच्यासाठी तो एकच दरवाजा असतो. घरातल्यांनी पोटाला चिमटा घेऊन घातलेली चार-पाच वर्षं त्यानं कुणाच्या तरी हवाली केलेली असतात.

शंकरराव थोरात १९९२ साली गेले. त्यांच्या पराक्रमावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि बोललंच पाहिजे. मला मात्र टेबलापलीकडे बसलेला तो जुना सेनानी आठवावासा वाटतो. समोर खेड्यातला एखादा तरुण, इस्त्री केलेला उसना शर्ट घालून, ओठ कोरडे पडलेला. त्याला न्याय मिळाला की नाही, हे कुठल्या पदकावर लिहिलं जात नाही. पण राज्यावरचा विश्वास टिकतो तो अशाच खोल्यांमध्ये. तिथे बसणाऱ्या प्रत्येकानं एवढं लक्षात ठेवावं, की आपल्या हवाली काय केलेलं आहे.