शिक्ली : दगडातली फुलं आणि डोंगरातली घरं

इटलीला जाऊन आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? रोम पाहिलं का, व्हेनिसच्या होडीत बसलात का, पिसाचा मनोरा खरंच इतका कललाय का? 'शिक्लीला गेला होतात का,' असं कुणी विचारत नाही. श्रोतेहो, आज मी तुम्हाला तिथं घेऊन जाणार आहे.

इटलीच्या बुटाच्या टोकाशी जे त्रिकोणी बेट दिसतं ते सिसिली. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, समुद्रापासून थोडं आत, शिक्ली आहे. सिराकुझाहून रागुझाकडे जाणारी एक छोटी रेल्वे इथं थांबते. वाटेत शेतांना रचलेल्या दगडांचे गडगे, मधूनच कॅरोबची गर्द झाडं. मग जमीन एकदम चिरल्यासारखी होते, दऱ्या लागतात आणि त्या जिथं मोकळ्या होतात तिथं मधाच्या रंगाचं हे गाव पसरलेलं दिसतं.

या गावाचं आजचं रूप एका भूकंपानं घडवलं. १६९३ सालच्या जानेवारीत, ९ तारखेच्या रात्री पहिला धक्का बसला आणि ११ तारखेला दुपारी दुसरा, फार मोठा. सुमारे साठ हजार माणसं गेली, डझनावारी गावं जमीनदोस्त झाली. सिसिलीवर तेव्हा स्पेनच्या राजाची सत्ता होती. गावं पुन्हा उभी करायची, पण कुठं? नोतोनं जुनी जागा सोडली आणि काही मैलांवर नवं शहर आखलं. रागुझात मतभेद झाले. काही जण वरच्या पठारावर गेले, काहींनी जुनी जागा सोडली नाही. शिक्लीची वस्ती आधीपासूनच डोंगरावरून सपाटीवर उतरत होती. भूकंपानंतर गाव खालीच नव्यानं बांधलं गेलं.

ते बांधलं बरोक शैलीत. गोव्यातलं बॉम जीझस चर्च ज्यांनी पाहिलंय त्यांना या शैलीची तोंडओळख आहेच. साधी सरळ रेघ तिला मानवत नाही. भिंत आत-बाहेर वळते, खांब पुढं येतात, दगडाला पानं-फुलं फुटतात. इथला चुनखडीचा दगड खाणीतून काढला की मऊ असतो, कोरायला सोपा. नंतर हवेनं टणक होतो. कारागिरांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. बेनेवेंतानो घराण्याचा वाडा पाहा. खिडक्यांवर, बाल्कन्यांखाली तोंड वासलेले, डोळे वटारलेले चेहरे. कोपऱ्यावर संत आणि त्याच्या खाली मूर लोकांची दोन शिरं. रस्त्यावरून जाणाऱ्याकडे हा वाडा अक्षरशः दात विचकून पाहतो.

तिथून जवळच मोर्मिनो पेन्ना नावाचा रस्ता आहे. लांबी फार नाही, पण एकामागून एक चर्चेस आणि वाडे. इथली नगरपालिका इटलीत घरोघरी ओळखीची आहे, कारण १९९९पासून दाखवल्या गेलेल्या 'इन्स्पेक्टर मोंताल्बानो' या मालिकेतलं पोलीस ठाणं म्हणजे हीच इमारत. पुष्कळ प्रवासी तिच्यासमोर फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात.

तसं करू नका. मान वर करून डोंगराकडे पाहा. माथ्यावर सान मात्तेओचं जुनं चर्च आहे. गाव खाली गेलं, तरी १८७४पर्यंत गावाचं मुख्य चर्च म्हणून त्याचाच मान होता. आणि त्याच्या खालच्या उतारावर काळी भोकं दिसतात ती क्याफुराची. ती गुहांची वस्ती. नुसत्या गुहा नव्हेत, घरं! एकेका खोलीत कुटुंबं राहायची, सोबत जनावरंही असायची. केव्हापर्यंत? थेट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत.

भूकंपानंतर सरदारांना वाडे मिळाले, धर्मसंघांना चर्चेस मिळाली. गरिबांच्या वाट्याला मात्र डोंगरच राहिला, आणि तोही अडीचशेपेक्षा जास्त वर्षं. १९५९मध्ये पासोलिनी, चित्रकार गुत्तुझो आणि लेखक कार्लो लेव्ही इथं आले, ही वस्ती त्यांनी पाहिली आणि तिच्याकडे देशाचं लक्ष वेधलं. पुढं तिथल्या लोकांना नव्या घरांत हलवण्यात आलं. आज त्या गुहा रिकाम्या आहेत.

२००२मध्ये युनेस्कोनं या भागातल्या आठ बरोक गावांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात शिक्ली आहे. खालच्या कोरीव कामाचं कौतुक करायलाच हवं. सर्वनाशानंतर माणसांनी इतक्या हौसेनं गाव उभारलं, ही साधी गोष्ट नाही. पण त्या वाड्यांच्या बाल्कनीतून रोज समोर क्याफुरा दिसत असणार. दोन्ही एकाच दगडाचे. एक कोरून सजवलेला, दुसरा पोखरून निवाऱ्यासाठी वापरलेला.

तेव्हा सिसिलीला गेलात तर शिक्लीसाठी एक रात्र राखून ठेवा. सकाळी उन्हाच्या आत सान मात्तेओला चढून जा. तिथून सगळं गाव एका नजरेत मावतं, आणि खालून न दिसणारी गुहांकडची पायवाटही दिसते. त्या वाटेनं उतरा.