उवा आणि आपली लाज
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी उवांवर बोलावयाचे म्हणजे काहींना हसू येईल, काहींचा हात आपोआप डोक्याकडे जाईल. परंतु विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी शिक्षिका असताना चौथीतल्या एका मुलीच्या डोक्यात ऊ दिसली. तिच्या शेजारी कोणी बसेना. आठ दिवस शाळा बुडवून ती परत आली ती केस कापूनच. पुढे सर्व वर्गाची डोकी पाहिली, तेव्हा उवा पुष्कळ जणींच्या निघाल्या. लाज मात्र एकटीच्या वाट्याला आली.

ऊ घाणीतून जन्मत नाही. तिला रक्त हवे असते, मळ नव्हे. रोज न्हाणाऱ्या मुलीचे डोकेही तिला चालते. ती उडत नाही, उडी मारीत नाही. फक्त केस धरून चालते. डोक्याला डोके लागले की ती या केसावरून त्या केसावर जाते. फणी किंवा टॉवेल यांवरून क्वचितच येते, कारण डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांत मरते.

आता आपले चारकोप पाहा. १९८० नंतरच्या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे लहान लहान भूखंड दिले आणि मोकळ्या चौकाभोवती घरे उभी राहिली. त्या चौकांत मुले खेळतात, एका मोबाइलवर चार डोकी वाकतात. एका घराने औषध लावले आणि शेजारच्या घराने गोष्ट लपविली, तर उवा परत आल्याच म्हणून समजा.

उपाय करताना रॉकेल लावू नका. कातडी भाजते आणि पेट घेण्याचे भय असते. ढेकणांची औषधे तर विषच. सीताफळाच्या बियांची पूड आपल्या आज्या लावीत, पण ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते.

औषधाच्या दुकानात १ टक्का पर्मेथ्रिनचे औषध मिळते. धुऊन टिपलेल्या केसांना ते लावून १० मिनिटांनी धुवावे. लिखा त्याने सर्व मरत नाहीत, व त्या ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून ९ दिवसांनी पुन्हा लावावे. तान्ह्या मुलांसाठी व गरोदरपणी आधी डॉक्टरांना विचारावे. औषध नको असेल तर ओल्या केसांना तेल लावून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावे, दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. दर तीन-चार दिवसांनी असे दोन आठवडे करावे. मुलींच्या वेण्या घट्ट घालाव्यात. केस कापण्याची मुळीच गरज नाही.

माझी एकच विनंती आहे. महिन्यातला एक रविवार ठरवा आणि त्या दिवशी चौकातल्या सर्व घरांनी आपापल्या मुलांची, आणि स्वतःचीही, डोकी पाहावीत. कोणाच्या घरी ऊ सापडली तर तिने शेजारणीला मोकळेपणी सांगावे, आणि शेजारणीने नाक न मुरडता आपली फणी हाती घ्यावी. सर्वांनी एकाच दिवशी उपाय केला, तर उवांना जावयास दुसरे डोके उरणार नाही.