वाचनयंत्र घ्यावे, पण कोणते?

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त योजिलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवात शिक्षकाला बोलावयास उभे केले की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे आपण गृहीत धरलेले असते. आज मी आपली त्यातून सुटका करणार आहे. गेल्या वर्षभरात आपल्या सभासदांपैकी पुष्कळांनी मला एकच प्रश्न विचारला: "सर, ते किंडल म्हणतात ते घ्यावे काय? आणि घ्यावयाचे तर कोणते?" रस्त्यात उभ्याने उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून आजचा अर्धा तास मी त्यालाच देतो.

आपल्यासारख्या बडोदेकरांना हा प्रश्न अगत्याचा आहे. हवे ते मराठी पुस्तक आपल्याला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही; पुण्या-मुंबईहून मागवावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांना बारीक टाइप दिसेनासा झाला की त्यांचे वाचन हळूहळू थांबते. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या कानावर मराठी पडते, पण मराठी पुस्तक हातात घेणारे माणूस घरात एकच असते, आणि बहुधा ती आजी असते. तिचे वाचन थांबले तर घरातले मराठी वाचनच थांबते. तेव्हा चुकीचे यंत्र घेतले तर केवळ पैसे वाया जातात, असे समजू नये.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. वाचनयंत्राचा, म्हणजे ई-रीडरचा, पडदा मोबाइलच्या पडद्यासारखा नसतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असून त्यांवर परस्परविरुद्ध विद्युत्भार असतो. विजेच्या इशाऱ्याने काळे कण वर आले की तेथे शाईचा ठिपका दिसतो. एकदा पान उमटले की ते तसेच ठेवावयास वीज लागत नाही. मुख्यतः पान उलटताना आणि दिवा लावला असता ती खर्च होते. म्हणून रोज अर्धा तास वाचणाऱ्याला एकदा भरलेली बॅटरी काही आठवडे पुरते. उन्हात बसले तरी अक्षर फिके पडत नाही, उलट स्पष्ट दिसते. रात्रीसाठी कडेने दिवे असतात. त्यांचा उजेड पानावर पडतो, मोबाइलसारखा पडद्यामागून सरळ डोळ्यांत येत नाही.

हे तंत्र फार जुने नाही. अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठातील संशोधनातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. सोनीने २००४ मध्ये जपानात असा पडदा असलेले यंत्र विक्रीस आणले आणि २००७ मध्ये अमेरिकेत अमेझॉनचे किंडल आले. किंडलच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तके रीतसर मिळू लागली ती डिसेंबर २०१६ पासून. त्याच वेळी हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम पुस्तकेही आली.

आता निवडीकडे वळू. दुकानदार प्रथम यंत्राचे गुण सांगतो. आपण प्रथम आपल्या वाचनाकडे पाहावे. शाळेची एक जुनी वही घ्यावी आणि महिनाभर रोज चार गोष्टी लिहाव्यात: काय वाचले, कोणत्या भाषेत, कोठे बसून, आणि ते पुस्तक मिळाले कोठून. यांतील शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. कारण ई-पुस्तके दोन प्रकारची असतात आणि हा भेद ठाऊक नसल्यामुळेच बहुतेकांची निवड फसते.

पहिल्या प्रकारात पुस्तकाची अक्षरे सुटी असतात. टाइप मोठा केला की ओळी नव्याने जुळतात, पाने वाढतात, आणि वाचणाऱ्याला फक्त पान उलटावे लागते. प्रकाशकांनी अलीकडे विक्रीस ठेवलेल्या कादंबऱ्या, चरित्रे बहुधा अशी असतात. दुसऱ्या प्रकारात छापील पानाचे छायाचित्र घेतलेले असते. जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तके इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी मिळतात ती बहुतेक अशीच. तेथे टाइप मोठा होत नाही. चित्र मोठे होते, आणि प्रत्येक ओळीसाठी ते डावीकडून उजवीकडे ओढत बसावे लागते.

येथे थोडे अंकगणित करू. आपले नेहमीचे डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. यंत्राचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घेतात. तसे मोजल्यास डेमीचे पान सुमारे दहा इंचांचे भरते. सहा इंची यंत्राचा पडदा साधारण ३.६ बाय ४.८ इंचांचा असतो. त्यावर ते पान पूर्ण बसविले तर निम्म्याहून थोडेच मोठे राहते. बारा पॉइंटचा टाइप सात पॉइंटांवर येतो. सात इंची यंत्रावर तो आठ पॉइंटांच्या आसपास राहतो. समास कापून थोडी सवलत मिळते, पण थोडीच. माझे एक निवृत्त सहकारी जुन्या बखरी आणि ऐतिहासिक पत्रव्यवहार वाचतात. त्यांच्या मुलाने प्रेमाने सहा इंची यंत्र भेट दिले. ते आता कपाटात आहे आणि सहकारी पुन्हा भिंग घेऊन बसतात. यंत्रात दोष नाही. ते दुसऱ्या वाचकाचे होते.

म्हणून ज्यांच्या वहीत कादंबऱ्या व चरित्रे जास्त असतील त्यांनी सहा-सात इंची, वजनाला हलके यंत्र घ्यावे. पडून वाचणाऱ्याला आणि ज्यांचे हात थकले आहेत त्यांना वजनाचा विचार पडद्याहूनही मोठा वाटेल. ज्यांच्या वहीत जुनी, छायाचित्रित पुस्तके जास्त असतील त्यांनी दहा इंचीच घ्यावे. तितके पैसे नसतील तर थांबावे, पण लहान घेऊ नये. आणि ज्यांच्या वहीत वर्तमानपत्रे, पाककृतींची चित्रे व मुलांची पाठ्यपुस्तके असतील त्यांना या यंत्राचा फारसा उपयोग नाही. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मिळतात, पण त्यांतील रंगीत चित्रे टॅब्लेटवरच नीट दिसतात. रंगीत वाचनयंत्रे निघाली आहेत. पण त्यांपैकी पुष्कळांत काळे अक्षर इंचाला ३०० ठिपक्यांचे, तर रंग १५० ठिपक्यांचा असतो, त्यामुळे चित्र फिकट वाटते. दिवाळी अंकाची मजा त्यात शोधू नये.

दुसरी गोष्ट दुकानाची. किंडल अमेझॉनच्या दुकानाशी बांधलेले असते. आपल्याजवळची ईपब किंवा पीडीएफ प्रत त्यावर पाठविता येते, पण दुसऱ्या विक्रेत्याचे अ‍ॅप त्यावर बसत नाही. काही मराठी पुस्तकविक्रेत्यांची ई-पुस्तके केवळ त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. आपल्या आवडीचे लेखक तेथे असतील तर अँड्रॉइडवर चालणारे यंत्र पाहावे. ऑनिक्स कंपनीची यंत्रे तशी असतात. त्यांची बॅटरी मात्र लवकर संपते आणि ती चालविण्यास थोडी अधिक सवय लागते.

माझ्या घरी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांची पुस्तके आहेत, म्हणून लिपीबद्दलही सांगतो. मराठी आणि गुजराती सुट्या अक्षरांत मिळतात. उर्दूची जुनी पुस्तके मुख्यतः पानांच्या चित्रांच्या रूपात मिळतात, आणि नस्तालीक अक्षराची वळणे लहान केली की नुक्ते एकमेकांत मिसळतात. अशा घराला मोठा पडदा लागतो. मराठीसाठी एक सोपी परीक्षा सांगतो. यंत्र घेण्यापूर्वी त्यावर एखाद्या मराठी पुस्तकाचा नमुना उघडावा आणि 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', 'दृष्ट्या', 'ज्ञान' अशा शब्दांकडे पाहावे. जोडाक्षर तुटले असेल, किंवा 'ऱ्य'च्या जागी 'र्य' दिसत असेल, तर तीनशे पाने वाचताना डोळ्याला ती खडीच लागणार.

आता जरा अप्रिय बोलतो. विकत घेतलेले ई-पुस्तक बहुधा आपल्या मालकीचे होत नाही. ते वाचण्याची परवानगी तेवढी मिळते. जुलै २००९ मध्ये ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती अमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, कारण त्या विकणाऱ्याला तसा हक्क नव्हता. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली, पण पुस्तके गेली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तके उघडेनाशी झाली. म्हणून जे पुस्तक नातवंडांच्या हाती जावे असे वाटते ते कागदाचेच घ्यावे. दिवाणखान्यात पडलेले पुस्तक मूल येताजाता चाळते. यंत्राच्या पोटातले पुस्तक त्याला दिसतच नाही. आजीने यंत्रावर वाचावे, पण तिच्या आवडीची दहा पुस्तके फळीवर राहू द्यावीत.

शेवटी संस्थेला एक सूचना. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून वाचनालयांची चळवळ उभी केली. त्यात फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या पुस्तके घेऊन खेडोपाडी जात. पुस्तक वाचकापर्यंत जावे, हा त्यामागचा विचार. त्याच विचाराने संस्थेने एक सात इंची व एक दहा इंची यंत्र विकत घ्यावे आणि सभासदांना पुस्तकासारखेच आठ आठ दिवस घरी न्यावयास द्यावे. सोबत ती महिन्याची वही असावी. आठ दिवसांत बहुतेकांना आपले उत्तर सापडेल. काहींना यंत्र नकोच असेही आढळेल, आणि त्यांचे पैसे वाचतील. दोन यंत्रांपैकी लहान यंत्राचा खर्च संस्थेला जड वाटत असेल तर आम्ही चार-पाच शिक्षक मिळून तो उचलण्यास तयार आहोत. येत्या बैठकीत विश्वस्तांनी याचा विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.