लागलं तर लपवू नको

कुर्डुवाडीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज कर्जाचा विषय नाही की हप्त्याचा नाही. आज बोलायचंय कबड्डीबद्दल. हातातलं काम चालू द्या, पण कान इकडे असू द्या.

कबड्डी आपल्याला नवी नाही. गावची यात्रा आली, शिवजयंती आली की मैदान आखलं जातं. पण २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला हा खेळ घरातल्या टीव्हीवर आला. आपल्या पोरीही मागे नाहीत. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. शिवाय आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे पोरगी मैदानावर जाते ती नुसती वेळ घालवायला नाही.

पण हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे. चढाईला गेलेल्या एकीवर चार-पाच जणी तुटून पडतात. गुडघा मुरगळतो, खांदा निखळतो, कधी डोकं जमिनीवर आपटतं. गुडघा सुजला तर दिसतो. डोक्याच्या आत लागलेलं दिसत नाही.

अमेरिकेत फुटबॉल नावाचा खेळ आहे. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याला धडक देऊन पाडायचं. लोकांना त्याचं इतकं वेड, की २०२४ चा अंतिम सामना बारा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. डोक्यावर हेल्मेट असूनही तिथं मेंदूला मार बसतोच. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाचं डोकं आपटलं. थोडा वेळ बसून तो परत खेळायला उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पोरगा वाचला, पण चालणं-बोलणं त्याला पुन्हा शिकावं लागलं. २००९ मध्ये त्या राज्यानं कायदा केला: डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय परत खेळवायचं नाही. पुढं तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. कारण पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर तो जिवावर बेतू शकतो.

हा नियम पाळायला आपल्याला पैसा लागत नाही. डोकं आपटलं की त्या दिवसापुरता खेळ बंद, मग सामना अंतिम का असेना. उलटी झाली, चक्कर आली, डोकेदुखी वाढत गेली, अंधुक दिसायला लागलं, तेच तेच विचारायला लागली, गुंगी आली, तर थेट दवाखाना. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा, ही गाडी फुकट येते. तोवर तिला हलवू नका, मान ओढू नका, तोंडात पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

पण बायांनो, लागलंय हे आपल्याला कळणार कसं? पोरगी सांगत नाही, कारण तिला वाटतं, आईला कळलं तर उद्यापासून खेळ बंद. पोरगा सांगत नाही, कारण चारचौघं म्हणतात, "ऊठ, पोरीसारखा रडतोस काय!" एकाला लाज, दुसरीला भीती. दुखणं दोघंही गिळतात.

ही गाठ आपणच सोडवायची. येत्या बैठकीत दोन गोष्टी ठरवूया. सामन्याआधी चार-पाच जणींनी मैदानातले खडे, काचा, खिळे वेचायचे. आणि सामना चालू असताना एकीनं रेषेजवळ बसायचं. कुणाचं डोकं आपटलेलं दिसलं की तिनं पंचांना हाक मारायची. संघ हरला तरी चालेल, लोक ओरडले तरी चालतील.

तिसरी गोष्ट मात्र घरची आहे. आज रात्री ताट वाढताना लेकराला एवढंच सांगा: "लागलं तर लपवू नको. तुझा खेळ आम्ही बंद करणार नाही. बरी झालीस की परत जा."

आणि बरी झाल्यावर तिला खरंच जाऊ द्या. नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.